बागेत, स्टँडवर, गाडीत: अनोळखी माणसाला येशूबद्दल सांगताना

अनोळखी माणसाशी येशूबद्दल बोलायला निघण्याआधी एक गोष्ट पक्की करा: समोरच्याला कधीही, कारण न देता उठून जाता आलं पाहिजे. कुठे थांबायचं, कुठल्या बाजूला बसायचं, हातात काय द्यायचं आणि कधी गप्प व्हायचं, हे सगळं त्यावरूनच ठरतं. बहुतेक ठिकाणी बिनसतं ते इथेच. बोलणाऱ्याकडे बायबलमधली वचनं भरपूर असतात, उत्साह त्याहून जास्त असतो, आणि ऐकणारा अडकलेला असतो. अडकलेला माणूस मान हलवतो, पत्रक घेतो आणि कोपऱ्यावर टाकून देतो.

जागा, वेळ, माणसं

दोघांनी जा. येशूनेही शिष्यांना दोघादोघांनीच पाठवलं होतं (मार्क 6:7), आणि त्यात व्यवहारही आहे. एकटा माणूस वादात सापडला तर साक्षीला कुणी नसतं. तिघे-चौघे एकाभोवती उभे राहिले तर तो घेराव वाटतो. दोघांपैकी एकानेच बोलायचं. दुसऱ्याने मनात प्रार्थना करायची आणि आजूबाजूला लक्ष ठेवायचं. मध्येच 'आणखी एक सांगतो' म्हणून तोंड घालायचं नाही. शक्य असेल तर जोडीत एक स्त्री असावी, म्हणजे बायकांशी तिला बोलता येतं. तिन्हीसांजेनंतर एकट्या बसलेल्या बाईकडे पुरुषांनी जाऊच नये.

सार्वजनिक बाग सगळ्यांत सोपी. वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात. सकाळचे फिरायला येणारे लोक थांबत नाहीत, त्यांचं घड्याळाकडे लक्ष असतं. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बोलणं छान रंगतं, पण तिथे रोज येणाऱ्यांचा आपसातला एक रिवाज असतो. बोलावल्याशिवाय त्यात घुसू नका, शेजारच्या बाकावर बसा. बाकावर बसताना दोघांनी माणसाच्या दोन बाजूंना बसायचं नाही, तो मधे कोंडला जातो. दोघेही एकाच बाजूला, हातभर अंतर ठेवून.

एसटी स्टँडवर ज्याची गाडी पंधरा-वीस मिनिटांत आहे असा माणूस बघा. त्याला बोलणं संपवायला आयतं कारण असतं, म्हणून तो मोकळेपणाने बोलतो. स्टँडच्या किंवा रेल्वेच्या आवारात पत्रकं वाटायची असतील तर तिथल्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. नाहीतर बोलणं तेवढं करा आणि वाटप आवाराबाहेर. मॉल ही खासगी जागा, तिथे सुरक्षारक्षक हटकेल आणि त्याचं बरोबरच असेल.

लांब पल्ल्याच्या गाडीचं वेगळं आहे. तिथे शेजारचा उठून जाऊच शकत नाही, त्याचा बर्थ तिथेच असतो. म्हणून गाडीत विषय आपणहून काढायचा नाही. तो इतर गप्पांतून निघाला तरच बोलायचं, आणि एकदा नको म्हटलं की उतरेपर्यंत पुन्हा नाही. कवी ना. वा. टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार आला तो नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीतच. सहप्रवासी एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांचं टिळकांशी आधी काव्यावर बोलणं झालं, पुस्तक नंतर आलं. टिळकांनी ते वाचायला घेतलं, येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तिथे गुंतले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांनी डब्यात प्रवचन ठोकलं असतं तर टिळकांसारख्या वादपटूने त्यांना तिथेच गप्प केलं असतं.

कुठे जायचं नाही: देवळाच्या किंवा मशिदीच्या दारात, मिरवणुकीच्या वाटेवर, गणपतीच्या मांडवाजवळ, शाळेच्या फाटकावर, इस्पितळाच्या वॉर्डात. वारीत वारकऱ्यांना पाणी द्यायचं असेल तर पाणीच द्या. पाण्याच्या पेल्याबरोबर पत्रक दिलं की त्या पाण्याचं आमिष होतं. खेड्यात परक्या माणसाला पारावर पहिला प्रश्न येतो, 'कुणाकडे आलात?' त्याला खरं उत्तर नसेल तर त्या गावात जाऊ नका. ओळखीच्या घरी पाहुणे म्हणून जा आणि त्या घरच्यांना आधी विचारा, कारण तुम्ही संध्याकाळी परत जाता आणि त्यांना तिथेच राहायचं असतं.

पिशवीत काय

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहा सुट्या पुस्तिका, वीसेक पत्रकं, स्वतःचा एक नवा करार, पेन, पाण्याची बाटली, आधार कार्ड. बस. पुस्तिका भारतीय बायबल संस्थेच्या दुकानात स्वस्तात मिळतात. शंभर पत्रकांचा गठ्ठा बरोबर घेतला की तो संपवण्याची घाई सुटते आणि मग माणसं दिसेनाशी होतात, नुसते हात दिसतात. खाऊ, पेन, कॅलेंडर, वह्या अशी कुठलीही भेटवस्तू ठेवू नका.

पत्रक स्वतः छापत असाल तर एका कागदाची एक घडी, चार पानं पुरे. अक्षर चौदा पॉइंटपेक्षा लहान नको, कारण बागेत वाचणारे बरेचसे साठीच्या पुढचे असतात आणि चष्मा घरी असतो. मुखपृष्ठावर नरकाच्या ज्वाळा नकोत, आणि कुठल्या देवाचं किंवा संतांचं चित्र उसनं घेऊन फसवणूकही नको. पत्रक येशूबद्दल आहे हे पहिल्या ओळीत कळलं पाहिजे. मागच्या पानावर मंडळीचं, म्हणजे तुमच्या चर्चचं नाव, पत्ता, छापखान्याचं नाव आणि मंडळीचा फोन नंबर. कार्यकर्तीचा स्वतःचा मोबाइल नंबर छापू नका, रात्री अकराला नको ते फोन येतात.

पहिलं वाक्य

पहिल्या पंधरा सेकंदांत चार गोष्टी सांगून व्हाव्यात: तुम्ही कोण, कुठून आलात, कशाबद्दल बोलायचंय, किती वेळ.

'नमस्कार काका. आम्ही इथल्या चर्चमधले. लोकांशी येशू ख्रिस्ताबद्दल बोलतो. पाच मिनिटं असतील तर बसू का? नको असेल तरी काही हरकत नाही.'

काका, मावशी, दादा, ताई, आजोबा, जे शोभेल ते. मंडळीतलं अभिवादन मंडळीत ठेवा, बाहेर नमस्कारच. 'आम्ही एक सर्वेक्षण करतोय' किंवा 'तुम्ही आनंदी आहात का?' अशी आडवाट घेऊ नका. दोन मिनिटांनी खरा विषय कळला की माणसाला गंडवल्यासारखं वाटतं, आणि पुढचं सगळं त्या रागातून ऐकलं जातं. दहातले सहा-सात जण 'नको' म्हणतील असं धरून चाला. 'बरं, येतो' म्हणून हसून उठा. त्यांच्या हातात पत्रक कोंबू नका.

होकार आला तर आधी विचारा: 'येशूबद्दल तुम्ही आधी काय ऐकलंय?' आणि ऐका. मुंबईत उत्तर येतं, 'आम्ही बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जातो' किंवा 'सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला जातो.' कुणी कॉन्व्हेंट शाळेतली प्रार्थना आठवून म्हणून दाखवतो. कुणी सरळ म्हणतो, 'तुम्ही लोक पैसे देऊन बाटवता.' यातलं जे येईल तिथूनच पुढे जायचं. ठरवून आणलेलं भाषण सुरू केलं की विचारलेला प्रश्न खोटा ठरतो.

मंडळीत रोजचे असलेले शब्द बाहेर वेगळे ऐकू येतात. 'नवा जन्म' म्हटलं की पुनर्जन्म आठवतो. 'तुम्ही पापी आहात' ही तर शिवीच वाटते. त्यामुळे पहिल्या भेटीत सिद्धान्त बाजूला ठेवा आणि गोष्ट सांगा.

तीन मिनिटांची गोष्ट

लूक 15:11 ते 32, उधळ्या मुलाची. पाठ करा, पण ग्रांथिक मराठीत नको, घरात बोलता तशी. घड्याळ लावून सराव करा. तीन मिनिटांच्या वर गेली तर कापा.

सुरुवात अशी: 'एका माणसाला दोन मुलगे होते. धाकटा म्हणाला, बाबा, माझ्या वाट्याचं मला आत्ताच द्या.' इथे श्वासभर थांबा. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. ऐकणाऱ्याच्या भावकीत असं एक तरी प्रकरण असतं. पुढे परदेश, उधळपट्टी, दुष्काळ, डुकरं राखणं हे भराभर सांगा. उधळपट्टीचं वर्णन रंगवू नका, गोष्ट तिथे नाही. मुलगा परत निघतो तेव्हा एक वाक्य जुळवून ठेवतो: 'मला तुमच्या गड्यासारखं ठेवा.' बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. हे धावणं गाळू नका, पोक्त माणूस सगळ्या गावादेखत धावतो. मुलगा बोलायला लागतो, पण जुळवून आणलेलं वाक्य पुरं व्हायच्या आत बाप अंगरखा, अंगठी, जोडे मागवतो.

मेजवानीशी एक खड्डा आहे. मूळ गोष्टीत पोसलेलं वासरू कापतात. महाराष्ट्रात ऐकणाऱ्याचं मन तिथे अडकतं आणि बापलेक मागे पडतात. तोंडी सांगताना 'मोठं जेवण घातलं' एवढं पुरे. पुस्तिकेत तो उल्लेख आहेच. कुणी विचारलं तर लपवू नका, त्या देशात त्या काळी तशी पद्धत होती हे सांगा.

मग थोरला. शेतावरून येतो, वाद्यं ऐकतो, आत जायला नकार देतो. आता बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. थोरला म्हणतो, 'इतकी वर्षं राबतोय, मला कधी एक करडू नाही दिलंत.' बाप म्हणतो, 'बाळा, माझं आहे ते सगळं तुझंच आहे.' थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. तिथेच थांबा आणि विचारा: 'थोरल्याचं काय चुकलं?'

यानंतर मनात दहापर्यंत आकडे मोजा. शांतता अवघड वाटते म्हणून नवशिके इथेच बोलून टाकतात आणि हातचं घालवतात. पुष्कळ ऐकणारे थोरल्याची बाजू घेतात: 'त्याचं बरोबरच आहे, राबला तो.' कुणी म्हणतं, 'धाकटा पुन्हा वाटणी मागेल बघा.' त्यांना दुरुस्त करू नका. त्यांची चीड खरी आहे आणि येशूला ती ठाऊक होती. ही गोष्ट त्याने सांगितली तीच कुरकुर करणाऱ्या धार्मिक लोकांना. हा पापी लोकांबरोबर जेवतो, अशी त्यांची तक्रार होती (लूक 15:1-2). तेवढं सांगा.

शेवटी एक मिनिट स्वतःच्या विश्वासाचं, 'आमचा विश्वास असा आहे की' असं म्हणून: गोष्टीतला बाप म्हणजे देव. आम्हाला शोधायला येशू आला, वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. देवाकडे परत जायची वाट आम्हाला त्याच्यात मिळाली. मग पुस्तिका पुढे करा, पंधराव्या अध्यायाचं पान दुमडून. 'इथून वाचा' असं बोट ठेवून दिलेली पुस्तिका वाचली जाण्याची शक्यता बरीच वाढते.

विचारले जाणारे प्रश्न

'हा इंग्रजांचा धर्म.' रागावू नका. केरळात येशूचा शिष्य संत थोमा याची परंपरा इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे. मराठी ओवीतलं ख्रिस्तपुराण गोव्यात 1616 ला छापलं गेलं, तेव्हा इथे इंग्रजी राज्य नव्हतं. पण समोरचा गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाबद्दल) बोलला तर सारवासारव करू नका. ते 1560 ला सुरू झालं, 1812 पर्यंत चाललं, आणि श्रद्धेच्या नावावर बळजबरी झाली. 'हो, ते वाईट झालं' एवढं म्हणा. पुढे 'पण' जोडू नका.

'सगळे देव एकच ना?' यावर वाद घालून कुणी जिंकत नाही. 'तसं पुष्कळांना वाटतं. आम्ही येशूकडे का गेलो ते सांगू का?' इतकं पुरे. दुसऱ्याच्या देवाबद्दल, मूर्तीबद्दल, नवसाबद्दल एक शब्द वाईट बोलायचा नाही, समोरच्याने स्वतः थट्टा केली तरी नाही. अथेन्समध्ये प्रेषित पौलाने बोलणं सुरू केलं ते तिथल्याच एका वेदीपासून, लोकांच्या भक्तिभावाची दखल घेऊन (प्रेषितांची कृत्ये 17).

'तुमच्याकडे आलो तर काय मिळेल?' नोकरी, शाळेचा प्रवेश, पैसे, घर, यातलं काहीही मिळणार नाही हे स्पष्ट सांगा. काय जाऊ शकतं तेही सांगा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलती राहत नाहीत. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. ही माहिती दडवून कुणाला पुढे नेणं ही फसवणूक आहे, आणि ती पुढे मंडळीवरच उलटते.

'आजार बरा होईल?' प्रार्थना करू म्हणा, हमी देऊ नका. डॉक्टरचं औषध बंद करा असं तर कधीच सुचवू नका. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतं, आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणंही. प्रार्थना मागितलीच तर तिथेच, हळू आवाजात, अर्धा मिनिट. डोक्यावर हात ठेवू नका. जोडीदाराने डोळे उघडे ठेवावेत.

चहा पुढे केला तर घ्या. विहिरीवरच्या बाईशी येशूचं बोलणं सुरू झालं ते त्याने तिच्याकडे पाणी मागितलं म्हणून (योहान 4). प्रसाद पुढे आला तर काय करायचं, यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. तुमच्या जोडीने निघण्याआधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी एकाने घेतला आणि दुसऱ्याने हात मागे घेतला, तर ते फार वाईट दिसतं.

कायदा आणि कटकट

संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या स्टेनिस्लॉस खटल्यात त्याची हद्द आखली: आपली शिकवण सांगता येते, पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा तुमचा हक्क नाही. शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरातमध्ये धर्मांतराविषयी स्वतंत्र कायदे आहेत. असे कायदे नवे येतात आणि जुने बदलतात, म्हणून महाराष्ट्रात असा की बाहेर, वर्षातून एकदा वकिलाला बसवून आज काय लागू आहे ते समजून घ्या. भारतीय न्याय संहितेची कलमं 299 आणि 302 धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहेत. दुसऱ्याच्या श्रद्धेवर न बोलण्याचा नियम पाळलात तर त्यांच्या वाटेला जायची वेळ येत नाही. ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. दोघांच्या बोलण्याला तो हवाच कशाला?

अठरा वर्षांखालच्यांना पत्रक नाही. पोराने हात पुढे केला तर 'आईबाबांना घेऊन ये' म्हणा. परदेशात राहणारे आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या) सुट्टीला येणारे मराठी ख्रिस्ती उत्साहाने सामील होतात. त्यांना मिशनरी कामासाठी सरकारची खास परवानगी लागते. पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याने तर यात पडूच नये.

चार-पाच जण जमले आणि एकाचा आवाज चढला की बोलणं संपलं. 'ठीक आहे दादा, आम्ही थांबतो.' पिशवी उचला आणि सावकाश चालायला लागा. वाक्य पुरं करण्याचा, समजावण्याचा, हक्क सांगण्याचा प्रयत्न करू नका. कुणी व्हिडिओ काढत असेल तर काढू द्या, आवाज तोच ठेवा. तुम्ही मात्र कुणाचा काढू नका. पोलिसांनी विचारलं तर नाव सांगा, आधार दाखवा, पाळकांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) नंबर द्या, ठाण्यात बोलावलं तर जा. कोरा कागद सही करून देऊ नका, आणि वकिलाचा नंबर फोनशिवाय कागदावरही लिहून ठेवा.

निघताना आसपास पन्नास पावलं फिरून टाकून दिलेली पत्रकं उचला. बागेचा माळी तुम्हाला कचऱ्यावरून ओळखायला लागला तर पुढच्या शनिवारी फाटकावरच अडवेल.

नंतर

कुणाचं नाव, नंबर, पत्ता लिहून घेऊ नका. घरी आल्यावर वहीत फक्त प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं जमली नाहीत ते. त्यांवर आठवडाभर अभ्यास करा. जागच्या जागी कुणाकडून 'मी ख्रिस्ताला स्वीकारतो' असं म्हणवून घेऊ नका, आणि त्याची मोजदाद तर अजिबात नको. आकडे सांगायची सवय लागली की ते फुगतात, आणि फुगलेले आकडे छापून आले की गावोगावच्या मंडळ्यांना त्रास होतो.

कुणाला पुढे जाणून घ्यायचं असेल तर तो मंडळीच्या नंबरावर फोन करेल. तो फोन कोण उचलणार हे आधी ठरलेलं असावं, आणि त्या माणसाला लूकचा पंधरावा अध्याय नीट ठाऊक असावा. बाप्तिस्म्याचं विचारलं तर पाळकांशी गाठ घालून द्या. ते घाई करणार नाहीत, काही महिने शिकवतील, घरच्यांना सांगितलंय का हे विचारतील. फोन आलाच नाही तर शोधायला जाऊ नका. तोच माणूस पुढच्या आठवड्यात त्याच बाकावर दिसला तर नमस्कार करा, आणि विषय त्याने काढला तरच बोला.